आर, पायथन आणि जावा एकमेकांना जोडताना: एन्व्हायर्नमेंट सेटिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका प्रोग्रॅमिंग भाषेतून दुसरी भाषा बोलावण्याची व्यवस्था बघणं हे माझं रोजचं काम आहे. आरमधून पायथन, आरमधून जावा, कधी पायथनमधून आर. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत कोडची चूक क्वचितच निघते. बहुतेक वेळा ‘इन्स्टॉल तर केलंय, मग सापडत का नाही?’ हाच प्रश्न नव्या कपड्यांत येतो. इन्स्टॉल आहे की नाही, याला फारसं महत्त्व नसतं. जी प्रोसेस, म्हणजे जो प्रोग्रॅम, आत्ता चालू आहे, तिला कुठलं पायथन किंवा कुठलं जावा दिसतंय, हे आधी बघावं लागतं. खालची बहुतेक उत्तरं त्याच वाटेने जातात.

एक सूचना: फंक्शन, व्हेरिएबल आणि कमांड यांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. मशीनवर ती रोमन अक्षरांत टाइप करायची. जावा_होम, रेटिक्युलेट_पायथन अशी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स (प्रोग्रॅमला बाहेरून मिळणारी नाव-किंमत अशी सेटिंग्ज) सगळी कॅपिटलमध्ये, आणि अंडरस्कोर दाखवलाय तिथेच.

टर्मिनलमध्ये पायथन व्यवस्थित चालतं, पण आरमधून सापडत नाही. असं का?

कारण टर्मिनल आणि तुमचं आर यांना सुरू करणारे वेगवेगळे आहेत. कुठलीही प्रोसेस सुरू होते तेव्हा तिला सुरू करणाऱ्या प्रोसेसकडून एन्व्हायर्नमेंटची, म्हणजे या व्हेरिएबल्सची, एक प्रत मिळते. प्रत मिळते, मूळ नाही. त्यानंतर मूळ जागी काय बदललं ते तिला कळत नाही, आणि तिने स्वतःत केलेला बदल वर जात नाही.

आता टर्मिनल उघडल्यावर काय होतं ते बघा. शेल (टर्मिनलमधल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) सुरू होतं, आपली सेटिंगची फाइल वाचतं, त्यात लिहिलेली फोल्डर पाथला, म्हणजे प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांच्या यादीला, जोडतं. मॅकवर २०१९ च्या कॅटालिनापासून नव्या खात्यांना झेडशेल मिळतं, म्हणजे ही फाइल डॉट-झेडशआरसी. पण आरस्टुडिओ (आरसाठीचा एडिटर) तुम्ही खालच्या पट्टीतल्या आयकनवर क्लिक करून उघडता. त्या वाटेत शेल येतच नाही, मग ती फाइल कोण वाचणार? म्हणून टर्मिनलला दिसलेलं पायथन आरस्टुडिओला दिसत नाही. खात्री करायची तर टर्मिनलमधूनच आर सुरू करा. तिथे चालू लागलं, तर दुखणं नक्की हेच.

विंडोजवर प्रकार थोडा वेगळा. सिस्टिम सेटिंगमध्ये व्हेरिएबल बदललं, ‘ओके’ केलं, तरी आधीपासून उघडे असलेले प्रोग्रॅम जुनीच प्रत घेऊन बसलेले असतात. एडिटरच्या आतलं टर्मिनल बंद करून पुन्हा उघडल्याने भागत नाही, कारण ते टर्मिनल एडिटरकडूनच प्रत घेतं. अख्खा एडिटर बंद करावा लागतो. लोक सेटिंग पाच वेळा बदलतात आणि एडिटर एकदाही बंद करत नाहीत, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता पहिला प्रश्न तोच विचारते.

मग सुरुवात कुठून करायची?

काहीही बदलण्याआधी दोन्हीकडे एकच प्रश्न विचारा आणि उत्तरं शेजारीशेजारी ठेवा.

टर्मिनलमध्ये: मॅक किंवा लिनक्सवर ‘व्हिच पायथन३’, विंडोजवर ‘व्हेअर पायथन’. आरमध्ये: सिस.व्हिच() ला तेच नाव द्या, मग सिस.गेटएन्व्ह() ने पाथ छापा. पाथ एका ओळीत लांबलचक येतो आणि डोळ्यांना काही कळत नाही. तो तोडून एका ओळीला एक फोल्डर असा करा. विंडोजवर तोडायचं चिन्ह अर्धविराम, बाकीकडे कोलन. दोन याद्या समोरासमोर ठेवल्या की फरक बहुधा लगेच दिसतो: टर्मिनलच्या यादीत सगळ्यात वर कॉन्डा या पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाचं फोल्डर आहे, आरच्या यादीत ते नाहीच, आणि म्हणून आरला सिस्टिमचं जुनं पायथन मिळालंय. पाथमध्ये क्रम महत्त्वाचा असतो. पहिलं सापडेल ते घेतलं जातं, चांगलं असेल ते नव्हे.

मग रेटिक्युलेटला, म्हणजे आरमधून पायथन चालवणाऱ्या पॅकेजला, विचारा. इथे एक बारीक गोष्ट आहे. पाय_कॉन्फिग() नुसती माहिती देत नाही, ती देताना पायथन सुरूही करते, आणि एकदा सुरू झालेलं पायथन त्या सेशनपुरतं कायम होतं. नुसतं डोकावून बघायचं असेल तर पाय_डिस्कव्हर_कॉन्फिग() वापरा.

विंडोजवर ‘व्हेअर पायथन’च्या उत्तरात विंडोजअॅप्स नावाचं फोल्डर सगळ्यात वर आलं, तर ते खरं पायथन नसण्याची शक्यता मोठी. मायक्रोसॉफ्ट स्टोअरकडे पाठवणारी ती नुसती पाटी असते. सेटिंगमधल्या ‘अॅप एक्झिक्युशन अलायसेस’मध्ये जाऊन ती बंद करता येते.

यूज_पायथन() लिहिलंय, तरी जुनंच पायथन उचलतं. का ऐकत नाही?

तीन शक्यता आहेत.

सगळ्यात नेहमीची: उशीर झालेला असतो. रेटिक्युलेट पायथनला वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवत नाही. पायथनची लायब्ररी आरच्याच प्रोसेसमध्ये लोड होते आणि ती बाहेर काढून दुसरी बसवता येत नाही. म्हणून यूज_पायथन(), यूज_व्हर्च्युअलएन्व्ह(), यूज_कॉन्डाएन्व्ह() यांपैकी जे वापरायचं ते स्क्रिप्टच्या अगदी वर, पायथनला हात लावणारं कुठलंही पॅकेज बोलावण्याआधी. आणि प्रयोग करताना दर वेळी आर रीस्टार्ट करा. ‘ऑब्जेक्ट पुसले’ म्हणजे रीस्टार्ट नव्हे.

दुसरी: कुठेतरी रेटिक्युलेट_पायथन हे व्हेरिएबल आधीच लिहून ठेवलंय. त्याचा मान यूज_पायथन() पेक्षा वरचा. वर्षापूर्वी कुणीतरी घाईत लिहिलेलं असतं आणि लिहिणारा विसरलेला असतो. तो ‘कुणीतरी’ बहुतेक वेळा आपणच.

तिसरी नव्या आवृत्त्यांतली. २०२५ मध्ये आलेल्या १.४१ पासून, तुम्ही पायथन निवडलंच नाही तर रेटिक्युलेट यूव्ही या साधनाच्या मदतीने स्वतःचं तात्पुरतं एन्व्हायर्नमेंट (इथे अर्थ वेगळा: पायथन आणि त्याच्या पॅकेजेसचा स्वतंत्र संच) उभं करू शकतं. त्यात तुम्ही टर्मिनलमध्ये पिपने टाकलेली पॅकेजेस नसतात. ‘पांडाज तर आहे, मग मॉड्यूल नाही कसं म्हणतं?’ याचं उत्तर बऱ्याचदा इथे मिळतं. एक तर हवी ती पॅकेजेस पाय_रिक्वायर() मध्ये सांगा, नाहीतर तुमचं एन्व्हायर्नमेंट स्पष्ट निवडा.

यूज_ फंक्शनमध्ये ‘रिक्वायर्ड’ला ट्रू दिलं, तर सांगितलेलं पायथन न मिळाल्यास तिथेच एरर येते. मी ते स्पष्ट लिहून ठेवते. गुपचूप दुसरं उचलण्यापेक्षा तिथल्या तिथे अडलेलं परवडतं.

व्हेरिएबल नेमकं कुठे लिहून ठेवायचं?

आरपुरतं हवं असेल तर डॉट-आरएन्व्हायरन फाइलमध्ये. आर कुठूनही सुरू करा, आयकनवरून वा टर्मिनलमधून, ही फाइल वाचली जाते. त्यामुळे वरचा आयकनचा गोंधळ इथे नसतो. एका ओळीत नाव, बरोबरचं चिन्ह, किंमत. पुढे ‘एक्स्पोर्ट’ लिहायचं नाही, ती शेलची भाषा झाली.

या फाइलचे दोन खोडसाळपणे आहेत. चालू फोल्डरमध्ये डॉट-आरएन्व्हायरन असेल तर आर तीच वाचतं आणि होम फोल्डरमधली सोडून देतं. दोन्ही एकत्र होत नाहीत. म्हणजे प्रोजेक्टात एका व्हेरिएबलसाठी नवी फाइल केलीत की होममधली बाकीची सगळी व्हेरिएबल्स त्या प्रोजेक्टात गायब. दुसरा खोडसाळपणा विंडोजचा: आरच्या मते होम म्हणजे बहुधा तुमचं डॉक्युमेंट्स फोल्डर, आणि पायथनच्या मते तुमच्या युजरच्या नावाचं फोल्डर. होमसाठीची तीच लहर चिन्हाची खूण (टिल्ड), दोन भाषांत दोन पत्ते. डॉक्युमेंट्स क्लाउडवर सिंक होत असेल तर पत्ता आणखी तिसराच. म्हणून पत्ते पूर्ण लिहा. आणि विंडोजवर उलटी तिरकी रेघ न वापरता सरळ तिरकी रेघ वापरा. आरच्या स्ट्रिंगमध्ये उलट्या रेघेला वेगळा अर्थ असतो, ती वापरायचीच तर दोनदा लिहावी लागते.

आरमध्ये सिस.सेटएन्व्ह() केलं, पण पायथनच्या ओएस.एन्व्हायरनमध्ये ते दिसत नाही.

पायथन आधीच सुरू झालेलं असणार. ओएस.एन्व्हायरन ही ‘ओएस’ मॉड्यूल पहिल्यांदा लोड होताना, म्हणजे जवळपास पायथन सुरू होतानाच, काढलेली नक्कल असते. नंतर बाहेर काय बदललं ते त्यात आपोआप उतरत नाही. सिस.सेटएन्व्ह() पायथन सुरू होण्याआधी करा. वेळ निघून गेली असेल तर पायथनच्या बाजूने ओएस.एन्व्हायरनमध्येच किंमत भरा.

जावा_होममध्ये काय द्यायचं? आरजावा (आरमधून जावा बोलावणारं पॅकेज) काही केल्या लोड होत नाही.

जेडीकेचं, म्हणजे जावाच्या इन्स्टॉलेशनचं, मूळ फोल्डर द्यायचं, ज्याच्या आत बिन, लिब वगैरे दिसतात ते. बिनचा पत्ता नाही, आणि जावाच्या एक्झिक्युटेबल फाइलचा तर नाहीच. मॅकवर नेमका पत्ता सांगणारी छोटी कमांड आहे, युझर-लिबएक्झेक फोल्डरमधली जावा_होम.

लिनक्सवर ‘लिबजेव्हीएम.एसओ उघडता येत नाही’ अशी एरर आली, तर आरला जावा कुठे आहे हे माहीतच नाही किंवा जुना पत्ता माहीत आहे. जावा बदललं, अपडेट केलं, की ‘आर सीएमडी जावारीकॉन्फ’ चालवायचं. आर सगळ्यांसाठी इन्स्टॉल असेल तर अॅडमिनचे अधिकार देणारं सुडो लावून. मग आरजावा पुन्हा इन्स्टॉल करा. विंडोजवर ‘रजिस्ट्रीतून जावा_होम ठरवता येत नाही’ असं म्हटलं, तर एक तर जावा नाही, नाहीतर आर ६४ बिटचं आणि जावा ३२ बिटचं आहे.

आणखी दोन गोष्टी इथेच सांगते. जावाला जास्त मेमरी हवी असेल तर ‘जावा.पॅरामीटर्स’ हा ऑप्शन आरजावा लोड करण्याआधी द्या. जेव्हीएम (जावाचं कोड चालवणारं इंजिन) एका प्रोसेसमध्ये एकदाच सुरू होतं, नंतर दिलेला आकडा कुणी वाचत नाही. पायथनमधून जावा बोलावणाऱ्या जेपाइपलाही हेच लागू, तिथे बंद केलेलं जेव्हीएम त्या प्रोसेसमध्ये पुन्हा सुरू करता येत नाही. आणि ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन’ असं येऊन पुढे आकडे दिसले तर ते असे वाचा: ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. मोठा आकडा तुमच्या जार फाइलला हवा असलेला, छोटा तुमच्या जावाला झेपणारा.

‘एक्स८६_६४ आहे, एआरएम६४ हवं’ म्हणजे काय?

तुमच्या मॅकमध्ये अॅपलची चिप आहे आणि दोन भाषांपैकी एक इंटेलसाठी बांधलेली इन्स्टॉल झालीय. २०२० च्या अखेरीस या चिपचे मॅक आले, तेव्हापासून रोझेटा या अॅपलच्या भाषांतर करणाऱ्या सोयीमुळे इंटेलचे प्रोग्रॅम त्यावर सुटे छान चालतात. म्हणून कुणाला शंका येत नाही. पण एकाच प्रोसेसमध्ये दोन प्रकार मिसळत नाहीत. जुन्या मॅकवरून सगळं जसंच्या तसं नव्यावर आणलेल्यांना हा त्रास हमखास होतो. दोन्ही एकाच प्रकारचे घ्या, दुसरा इलाज नाही.

पायथन सुरू होतानाच ‘एन्कोडिंग्ज नावाचं मॉड्यूल नाही’ म्हणून मरतं.

पायथनहोम हे व्हेरिएबल तपासा. ते चुकीच्या जागी बोट दाखवत असेल तर पायथनला स्वतःचीच मूळ लायब्ररी सापडत नाही. ‘जावाला जावा_होम लागतं, तर पायथनलाही लागत असेल’ या समजुतीने लोक ते लिहितात. सहसा लागत नाही, काढून टाका. पॅकेजेस कुठे शोधायची ते सांगणाऱ्या पायथनपाथचंही तसंच: ते मशीनवरच्या प्रत्येक पायथनला लागू होतं, आणि एका आवृत्तीची पॅकेजेस दुसरीच्या गळ्यात पडतात.

‘जीएलआयबीसीएक्सएक्स सापडत नाही’ अशी एरर फक्त आरमधून येते. तेच पायथन सुटं चालवलं तर येत नाही.

लिनक्सवरची ही ठरलेली भांडणं. कॉन्डा आपली सी++ लायब्ररी सोबत घेऊन येतं. आरने सुरू होताना सिस्टिमची, बहुधा जुनी, लायब्ररी आधीच लोड केलेली असते. मागून आलेलं पायथनचं पॅकेज नवी मागतं, पण त्या नावाची लायब्ररी आत बसलेली असल्याने तीच त्याच्या वाट्याला येते. सुटं पायथन चालवताना आधी येऊन बसलेलं कुणी नसतं.

इंटरनेटवर यावर एलडी_लायब्ररी_पाथमध्ये (लायब्ररी कुठे शोधायची ते सांगणारं व्हेरिएबल) कॉन्डाचं फोल्डर टाका असा सल्ला मिळतो. चालतो, नाही असं नाही. पण ते शेलच्या फाइलमध्ये कायमचं लिहू नका. मग त्या शेलमधून निघणारा प्रत्येक प्रोग्रॅम कॉन्डाची लायब्ररी उचलू लागतो, आणि महिन्याभराने भलतंच काही बंद पडतं. स्वच्छ उपाय दोन: आरही त्याच कॉन्डा एन्व्हायर्नमेंटमध्ये इन्स्टॉल करा, नाहीतर कॉन्डा सोडून सिस्टिमच्या पायथनवर साधं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बांधा. मला दुसरा जास्त पटतो.

पायएन्व्हने (पायथनच्या आवृत्त्या बांधणारं साधन) बांधलेलं पायथन रेटिक्युलेट नाकारतं.

ते शेअर्ड लायब्ररीशिवाय, म्हणजे आरच्या प्रोसेसमध्ये लोड करता येईल अशा फाइलशिवाय, बांधलं गेलंय. पायथन_कॉन्फिगर_ऑप्ट्समध्ये ‘एनेबल-शेअर्ड’ हा पर्याय देऊन ती आवृत्ती पुन्हा बांधा.

पायथनमधून आर बोलवायचं आहे. आरपीवाय२ (त्यासाठीचं पॅकेज) म्हणतं आर_होम नाही.

टर्मिनलमध्ये ‘आर आरहोम’ टाइप करा. येईल तो पत्ता आर_होममध्ये, आरपीवाय२ इम्पोर्ट करण्याआधी. विंडोजवर आरपीवाय२च्या मागे लागू नका असं माझं मत आहे.

सगळं बरोबर दिसतंय. पत्ता बरोबर, फोल्डर आहे, तरी चालत नाही.

मग न दिसणारं काहीतरी आहे. एकदा एका विंडोज मशीनवर आरजावासाठी माझे दोन दिवस गेले. जावा_होम छापलं की बरोबर. पत्ता कॉपी करून एक्स्प्लोररमध्ये टाकला की फोल्डर उघडायचं. आरमध्ये मात्र जेव्हीएम सापडेना. शेवटी वैतागून एनचार() ने अक्षरं मोजली. पत्त्यात हाताने मोजलेली ४१, एनचार() म्हणे ४२. बॅच फाइलमध्ये ‘सेट’ची ओळ होती, पुढे दोन अँपरसँड घालून आर सुरू करणारी कमांड, आणि वाचायला बरं म्हणून अँपरसँडच्या आधी कुणीतरी एक स्पेस सोडली होती. ‘सेट’ने ती स्पेस किंमतीत धरली. नुसत्या फोल्डरच्या पत्त्याशेवटची स्पेस विंडोज सोडून देतं, म्हणून एक्स्प्लोररमध्ये उघडत होतं. पण पुढे बिन जोडलं की स्पेस मधोमध येते, आणि मग ते फोल्डर त्याच्यासाठी अस्तित्वातच नसतं.

तेव्हापासून मी किंमत नेहमी दोन्ही बाजूंना चौकटी कंस लावून छापते आणि अक्षरं मोजते. ‘सेट’मध्ये किमतीला अवतरण चिन्हं लावली तर तीही किमतीचा भाग होतात. पत्त्यात स्पेस आहे म्हणून लोक ती लावतात आणि फसतात. आणि व्हेरिएबल कायमचं लिहिणारी ‘सेटएक्स’ कमांड १०२४ अक्षरांपुढचं कापून टाकतं, त्यामुळे त्याने पाथ बदलायला जाऊ नका. मागचा अर्धा पाथ गेलेला कळायलाही वेळ लागतो.

दुसऱ्या भाषेतून परत आलेल्या देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात.

एका बाजूला यूटीएफ-८ आहे, दुसरीकडे विंडोजचं जुनं कोड पेज, म्हणजे अक्षरं साठवायच्या दोन वेगळ्या पद्धती. आर ४.२.०, म्हणजे एप्रिल २०२२ नंतरचं, नव्या विंडोज १० वर यूटीएफ-८ वापरतं, त्याआधीचं असेल तर आधी आर बदला. पायथनच्या बाजूने पायथनयूटीएफ८ ला १ द्या, ही सोय ३.७ पासून आहे. लिनक्स सर्व्हरवर लँग आणि एलसी_ऑल ही व्हेरिएबल्स बघा. तिथे नुसतं ‘सी’ असेल तर यूटीएफ-८ असलेलं लोकॅल (भाषा आणि अक्षरपद्धतीची सेटिंग) लावा.

हाताने चालवलं की चालतं, क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) रात्री बंद पडतं.

क्रॉन तुमची शेलची फाइल वाचत नाही आणि त्याचा पाथ अगदी तोकडा असतो. लिनक्सवर सर्व्हिसेस चालवणाऱ्या सिस्टिमडीचंही तेच. स्क्रिप्टमध्ये ‘कॉन्डा अॅक्टिव्हेट’वर विसंबू नका, एन्व्हायर्नमेंटमधल्या पायथनचा पूर्ण पत्ता द्या. डॉकरमध्ये (प्रोग्रॅम त्याच्या सगळ्या सेटिंगसह एका पेटीत बांधणारं साधन) ‘रन’च्या ओळीत केलेलं एक्स्पोर्ट त्या ओळीबरोबर संपतं, टिकवायचं तर ‘एन्व्ह’ वापरा.

हा सगळा व्याप टाळता येईल का?

पुष्कळदा, हो. दोन भाषा एकाच प्रोसेसमध्ये हव्यातच का, हे आधी विचारा. पायथनने रात्री एकदा मॉडेल चालवायचं आणि आरने सकाळी तक्ते काढायचे, एवढंच असेल तर पायथनला पार्के किंवा सीएसव्ही फाइल लिहू दे, आर ती वाचेल. दोन प्रोसेस, दोन एन्व्हायर्नमेंट, लायब्ररींची गाठभेटच नाही. एकाच प्रोसेसची गरज खरी तेव्हा, जेव्हा मोठा डेटा शंभर वेळा इकडून तिकडे जाणार असतो किंवा एका भाषेतलं जिवंत ऑब्जेक्ट दुसरीतून हलवायचं असतं.

तरीही अडलं. मदत मागताना काय पाठवू?

एररचा फोटो नको, पूर्ण मजकूर पाठवा, पहिल्या ओळीपासून. पहिली एरर खरी असते, खालच्या तिच्यामुळे आलेल्या. सोबत सेशनइन्फो() आणि पाय_कॉन्फिग() चं उत्तर, ऑपरेटिंग सिस्टिम, आणि आर कुठून सुरू केलं ते: आयकन, टर्मिनल, क्रॉन की आणखी कुठून. पाथ पाठवा, पण सिस.गेटएन्व्ह() चं अख्खं उत्तर चिकटवू नका. त्यात तुमचे पासवर्ड आणि एपीआय की असू शकतात.